जोड

लक्ष्मीपुरीच्या भंगारवाल्याकडं
मोडक्या छत्र्यांच्या भाऱ्यात उभी होती,
तीन तुकड्यांची जुनी गळकाठी, कापडी पिशवीत.
पिशवीला उंदरांनी खिडक्या पाडलेल्या.
एकशे चाळीस रुपये आणि घरचा बिनशिट्टीचा कुकर,
एवढ्यावर सौदा तुटला.
वैजू म्हणाली, "कुकर परत आणा."

सहा चिपा तासून, एकीला एक चिकटवून केलेली काठी.
सांधा नखाला लागत नाही.
बुरूड गल्लीत शेवंताक्कांनी ती आधी नाकाला लावली.
"ह्यो आपला मेस न्हाई, चिवा न्हाई, माणगा तर न्हाईच.
लांबचं हाय कुठलं तरी.
पण तासणाऱ्याचा हात चांगला हुता."
शेंडा वीतभर मोडलेला.
त्यांनी चुलीवरच्या धुरात वर्षभर मुरलेली
मेसाची एक चीप काढून दिली.
पैसे विचारले तर म्हणाल्या,
"चीप इकत्यात व्हय कोण?"

कड्या सात पाहिजेत. होत्या चार,
त्यातली एक केसातल्या पिनेची.
हुपरीच्या सुकुमार चौगुल्यांनी पैंजणाचं काम बाजूला सारलं,
माझ्या कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं.
"घुंगरू लावायचं नाही ना?"
"नको, मासा ऐकेल."
हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी तीन कड्या, पायांसकट,
पाय असे पातळ, की काठीवर झोपतात.

टोकाच्या कडीत पूर्वी अकीक असणार,
त्याची खोबण तेवढी उरलेली.
गुजरीतल्या पटवेकऱ्याच्या डब्यात
तुटलेल्या माळेचा एक मणी सापडला,
भोक मोठं करताना दुसरा फुटला, तिसरा बसला.
ठुशी ओवायचं लाल रेशीमही त्यानंच दिलं.
कड्या बांधताना माझी दोन बोटं सोलली,
आणि शेवटचं टोक वेढ्याखाली कुठं लपवायचं
हे वैजूनं दाखवलं. बोलत नव्हती, तरी दाखवलं.

राहिला पितळी जोड.
नर शाबूत, मादी उभी चिरलेली.
सगळे म्हणाले, हा विलायती माल, इथं मिळायचा नाही.
उद्यमनगरात दस्तगीर मुल्लांनी
लेथ बंद केला, चष्मा कपाळावर नेला,
नळीच्या काठावर अंगठा फिरवला.
मग फुंकर मारून काजळी उडवली.
काठाखाली पंचचे तीन ठिपके, ओळीत.
"विलायत कुठली? हे अब्बांचं काम."
मी गप्प. मागं पट्टा एकटाच फडफडत होता.
म्हणजे माझ्या आधी कुणीतरी
हीच काठी घेऊन ह्याच पायरीवर उभा होता,
त्यालाही सगळ्यांनी सांगितलं असणार, मिळायचा नाही.

मला वाटलं, आता डोळे पुसतील.
ते म्हणाले, "घाई केलीया.
भोक एक केस बाहेर गेलंय, म्हणून चिरलं.
शुक्रवार असंल."

चार दिवस लागले. पहिला नळ सैल,
दुसरा इतका घट्ट की दोघांनी ओढून काढला,
तिसरा त्यांनी तेलाच्या बोटानं नुसता पुसला,
पुन्हा घातला, पुन्हा पुसला.
जुनी चिरलेली मादी मागून घेतली,
बाजूच्या खिळ्याला अडकवली, चहा मागवला.
"ठिपके?" मी विचारलं.
"आधी मासा लागू दे."

काल कळंब्याच्या काठावर पहाटेपासून बसलो.
एक मरळ वर आली, गळ बघितला,
आणि सावकाश, अगदी घरच्यासारखी, खाली गेली.
साडेनऊला ऊन डोक्यावर. काठी आवरली.
तुकडे ओढले तसा जोडातून आवाज आला,
बाटलीचं बूच निघावं तसा,
टप्‌.
पलीकडं म्हशी धुणाऱ्या पोरानं मान वर केली.

मी पुन्हा जोडली,
पुन्हा ओढली.